माफ करणारी स्टिक: टायटॅनियमच्या मोठ्या डोक्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा एसटीत इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय गोल्फ. हसू नका. मला माहितीये, मी आळ्याचा. जुन्नर तालुक्यातलं आळे, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आळेफाट्याजवळचं. आमच्याकडे विटीदांडू, कुस्ती, क्रिकेट, बैलगाडा शर्यत, सगळं आहे. गोल्फ नाही. पण याच रस्त्याने दक्षिणेला गेलात तर पुण्यात येरवड्याला गोल्फ कोर्स लागतं. उत्तरेला नाशिकला गेलात तर गोल्फ क्लब ग्राउंड लागतं. तिथे आता गोल्फ नाही, रणजीचे सामने होतात आणि सकाळी लोक फिरायला येतात. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणारे ते कान्हेरे. म्हणजे साहेबांच्या खेळाचं मैदान, त्याला साहेबाला मारणाऱ्या क्रांतिकारकाचं नाव, आणि रिक्षावाल्याला मात्र आजही ‘गोल्फ क्लब’च सांगायचं. इतिहास असा असतो बघा.

पण आजची गोष्ट मैदानाची नाही, एका स्टिकची आहे. खरं तर स्टिकच्या डोक्याची. आणि ती मला सांगितली माझ्या मामाने.

मामा आणि तीन आवाज

मामा आता फाट्यावर रसवंती चालवतो. पण १९८८ साली, चौदा वर्षांचा असताना, तो पुण्याला नातेवाइकांकडे राहायला गेला आणि एका गोल्फ कोर्सवर कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलणारा, कुठली स्टिक घ्यायची ते सुचवणारा, चेंडू शोधणारा. सुरुवातीला तर तो नुसता पुढे उभा राहायचा. साहेब मागून मारणार, याने चेंडू कुठे पडला ते बघून ठेवायचं. आपल्याकडच्या काही कोर्सवर या पोरांना ‘आगेवाला’ म्हणतात.

मामा म्हणतो, मी डोळे मिटूनसुद्धा सांगायचो कुणी मारलं ते. कारण आवाज. सुरुवातीला लाकडाचा आवाज होता, ‘टॉक’, दाराची कडी पडल्यासारखा. मग स्टीलचा आला, ‘टिंग’. आणि मग १९९६ च्या सुमाराला एक आवाज आला तो त्याने कधी ऐकला नव्हता. लांबून, मोठा, पोकळ. रिकाम्या पिंपावर दगड मारावा तसा.

त्या सकाळी एक रिटायर्ड कर्नलसाहेब खेळत होते. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून येताना सामानातून नवीन स्टिक आणली होती. मामा रोजच्या जागी उभा. साहेबांचा चेंडू कुठे पडतो ते त्याला पाठ होतं: नाल्याच्या अलीकडे, थोडा उजवीकडे. तो आवाज आला आणि चेंडू मामाच्या डोक्यावरून गेला. नाला ओलांडून. साहेब साठीच्या पुढचे. मामा सांगतो, साहेब टीवरून लहान पोरासारखे पळत आले, चेंडू कुठे पडला ते बघायला. पन्नास रुपये बक्षीस मिळालं. आणि दुसऱ्या दिवसापासून मामाने आपली उभं राहायची जागा वीस-पंचवीस पावलं मागे नेली.

ती वीस-पंचवीस पावलं हाच आजचा आपला इतिहास.

आधी लाकूड होतं

गोल्फमध्ये पहिला, लांबचा फटका ज्या स्टिकने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. ही बॅगेतली सगळ्यात लांब स्टिक. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं तिचं डोकं लाकडाचं असायचं. कुठलं लाकूड? पर्सिमन. नाव परकं वाटेल, पण हे झाड आपल्या टेंभुर्णीची अमेरिकेतली चुलत बहीण आहे, एकाच कुळातलं, एकाच वंशातलं. टेंभुर्णीच्या पानांच्या आपण बिड्या वळल्या, संगमनेर-सिन्नरची कितीतरी घरं त्यावर चालली. अमेरिकेतल्या बहिणीचं लाकूड घट्ट आणि टणक, म्हणून त्यांनी त्याची गोल्फची डोकी घडवली.

लाकडाची एक अट होती. डोकं साधारण दोनशे ग्रॅमचं हवं, त्याहून फार जड चालत नाही, कारण मग ते जोरात फिरवता येत नाही. लाकूड भरीव. म्हणून डोकं लहान. लहान डोक्यात नेमका मारायचा भाग त्याहून लहान, एखाद्या नाण्याएवढा. चेंडू तिथे लागला तर सोनं. अर्धा इंच बाजूला लागला की डोकं हातात गरकन वळणार, चेंडू झाडीत, आणि थंडीच्या दिवसांत हाताला अशी झिणझिणी की विचारू नका. विटीदांडू खेळलेल्यांना कळेल. विटीच्या टोकाला दांडू नीट नाही बसला की काय होतं, तसंच.

मग १९७९ साली अमेरिकेत गॅरी ॲडम्स नावाच्या माणसाने टेलरमेड कंपनी काढली आणि स्टीलचं पोकळ डोकं बाजारात आणलं. गंमत म्हणजे धातूचं असूनही लोक त्याला ‘वूड’च म्हणत राहिले. स्टील पोकळ करता येतं, म्हणजे वजन मधून काढून कडेला नेता येतं. याचा फायदा काय? खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना जड कळशा. त्याला कुणी हलका धक्का दिला तर तो पटकन गिरकी घेत नाही, कारण वजन लांब, दोन्ही टोकांना आहे. स्टिकच्या डोक्याचंही तसंच. वजन कडेला गेलं की चुकीच्या जागी चेंडू लागला तरी डोकं कमी वळतं, चेंडू कमी भरकटतो. शास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. तुम्ही कावड लक्षात ठेवा.

तोफेच्या नावाची स्टिक

आता यात येतात एली कॅलावे. जन्म १९१९, जॉर्जिया राज्यातला. आधी कापडाच्या धंद्यात मोठे अधिकारी, मग द्राक्षाच्या मळ्यातली वाइन, आणि साठी ओलांडल्यावर १९८२ मध्ये गोल्फची एक छोटी कंपनी घेतली. १९९१ साली त्यांनी आणि त्यांचे डिझायनर रिचर्ड हेल्मस्टेटर यांनी एक ड्रायव्हर आणला. स्टीलचाच, पण डोकं १९० घन सेंटिमीटरचं. त्या काळात ते एवढं मोठं दिसायचं की नाव दिलं ‘बिग बर्था’. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या क्रुप कारखान्याची ४२० मिलिमीटर तोंडाची तोफ होती, तिचं हे टोपणनाव. तोफेला लाडाचं नाव द्यायची सवय आपल्याला नवी नाही. जंजिऱ्याची कलालबांगडी घ्या, विजापूरची मुलूखमैदान घ्या. ती मुलूखमैदान तर ओतली गेली आमच्या शेजारच्या अहमदनगरला, १५४९ साली.

स्टीलची अडचण एकच. ते जड. डोकं आणखी मोठं करायचं तर भिंती इतक्या पातळ होतात की टिकत नाहीत. मग हवा असा धातू जो स्टीलसारखा ताकदवान पण वजनाने हलका. स्टीलचा एक घन सेंटिमीटर तुकडा साधारण ७.८ ग्रॅम भरतो. टायटॅनियमचा साडेचार.

काळ्या दगडातला धातू

टायटॅनियमची गोष्ट सांगायला मला जास्त आवडेल, कारण ती आपल्या पायाखाली आहे.

हा धातू सापडला १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये. विल्यम ग्रेगर नावाचे पाद्री ओढ्यातली काळी वाळू तपासत होते, तिच्यात त्यांना एक नवीन तत्त्व दिसलं. १७९५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोट यांनी त्याला ग्रीक पुराणातल्या टायटन राक्षसांवरून नाव दिलं.

अशी काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. इल्मेनाइट म्हणतात त्या खनिजाला, लोखंड आणि टायटॅनियमचं. केरळात चवऱ्याला तर खूपच. आणि शिवनेरी, नाणेघाट, आमच्या आळ्याचे बांध ज्या काळ्या दगडाचे आहेत, त्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये साधारण दोन टक्क्यांच्या आसपास टायटॅनियमचं ऑक्साइड असतं. आळ्याजवळ बोरी गावात कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. म्हणजे ज्या माणसाने तिथे पहिल्यांदा दगड घडवून घाव घातला, त्याच्या हातातही थोडंसं टायटॅनियम असणार.

मग एवढं असून ते महाग का? कारण ते दगडातून सुटत नाही. लोखंड कोळशाने वितळवून काढता येतं, टायटॅनियम नाही. गरम केलं की ते ऑक्सिजन आणि नायट्रोजन घट्ट धरून बसतं आणि ठिसूळ होतं. विल्यम क्रोल नावाच्या लक्झेंबर्गच्या शास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास पद्धत पक्की केली: खनिजाची आधी क्लोरीनशी गाठ घालायची, मग हवा आत येऊ न देता, वितळलेल्या मॅग्नेशियमकडून तो क्लोरीन काढून घ्यायचा. हाती येतो तो स्पंजसारखा, भोकाभोकांचा धातू. अजूनही जगभर मुख्यतः हीच पद्धत आहे. भारतात चवऱ्याला असा स्पंज बनवायचा कारखाना सुरू झाला २०११ साली, वर्षाला ५०० टनांचा, तोही इस्रोच्या मदतीने, कारण गरज रॉकेटची होती.

एवढा खटाटोप गोल्फसाठी कोण करणार? कोणीच नाही. तो केला शीतयुद्धाने. अमेरिकेचं एसआर-७१ हे हेरगिरीचं विमान जवळजवळ पूर्ण टायटॅनियमचं, आणि त्यासाठीचा बराच धातू अमेरिकेने मध्यस्थ लावून सोव्हिएत संघाकडूनच विकत घेतला होता. सोव्हिएतांनी तर अख्ख्या पाणबुड्या टायटॅनियमच्या बांधल्या.

आणि मग १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. लष्करांची मागणी घटली. उरल पर्वतातले प्रचंड कारखाने गिऱ्हाईक शोधू लागले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांना एक अजब गिऱ्हाईक मिळालं: गोल्फ.

१९९५

जपानी कंपन्यांनी टायटॅनियमची डोकी आधीच करून पाहिली होती. पण जगभर धुमाकूळ घातला तो कॅलावेंच्या १९९५ च्या ‘ग्रेट बिग बर्था’ने. डोकं सुमारे २५० घन सेंटिमीटर. यातली बरीच डोकी ओतून दिली स्टर्म रुगर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने. नाव तोफेचं, ओतणारे बंदूकवाले, धातू पाणबुड्यांचा. आणि मारायचा काय, तर ४६ ग्रॅमचा चेंडू.

किंमत सुमारे ५०० डॉलर. तेव्हाच्या हिशेबाने सोळा-सतरा हजार रुपये. दोन वर्षांत ‘बिगेस्ट बिग बर्था’ आली, २९० ची. मग प्रत्येक कंपनी मोठ्याहून मोठं.

खेळणाऱ्यांना काय वाटलं? पहिली प्रतिक्रिया बऱ्याच ठिकाणी सारखी होती: हे काय ध्यान? मामाच्या कोर्सवर एक जुने, हातखंडा खेळणारे सद्गृहस्थ होते. ते म्हणायचे, ही स्टिक नव्हे, पातेलं आहे. पण ज्यांच्या हातात ती गेली ते परत लाकडाकडे वळले नाहीत. टीवर ठेवलेल्या चेंडूमागे मोठं डोकं दिसलं की मनातली भीती जाते, माणूस मोकळा फिरवतो. चुकून टोकाला लागला तरी चेंडू झाडीत न जाता गवताच्या कडेला थांबतो. शिवाय डोकं हलकं म्हणून दांडा लांब करता आला, वेग वाढला. आणि समोरची भिंत दोन-तीन मिलिमीटरची, ती किंचित दबून उसळते, त्याने चेंडूला आणखी धक्का मिळतो.

मोठ्या स्पर्धांतही लाकूड संपलं. बर्नहार्ड लँगर यांनी १९९३ ची मास्टर्स पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली. त्यानंतर लाकडाच्या ड्रायव्हरने मोठी स्पर्धा कुणी जिंकलेली नाही. अमेरिकी दौऱ्यावर ड्रायव्हरचा सरासरी फटका १९९३ ला २६० यार्डांच्या आसपास होता, २००३ ला २८६ च्या आसपास. सगळं श्रेय डोक्याचं नाही हं. २००० च्या शेवटी चेंडूही बदलला, व्यायामही वाढला. पण डोक्याचा वाटा मोठा.

माफी कुणाला?

इंग्रजीत अशा स्टिकला जो शब्द वापरतात त्याचा सरळ अर्थ ‘माफ करणारी’. मला या गोष्टीत हाच शब्द सगळ्यात जास्त टोचतो. कारण माफी विकत मिळत होती, सोळा-सतरा हजारांना.

१९९१ आठवा. जुलैमध्ये मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प, खुली अर्थव्यवस्था. पण ग्राहकांच्या वस्तूंचा दरवाजा एकदम उघडला नाही. आयातीवरची शेवटची ७१५ वस्तूंची बंधनं २००१ च्या एप्रिलला उठली. मधल्या दहा वर्षांत परदेशी वस्तू घरात यायच्या त्या परदेशातल्या मुलाच्या, भावाच्या, साडूच्या बॅगेतून. ज्याचा मुलगा अमेरिकेत, त्याला आधी माफी.

आणि त्याच १९९१ ला आणखी एक गोष्ट घडली. दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर यांनी इंडियन ओपन जिंकली. व्यावसायिक खेळाडू म्हणून ती जिंकणारे ते पहिले भारतीय. १९९३ ला परत जिंकली. त्यांच्याआधी १९६५ मध्ये पी. जी. सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू.

मामाच्या कोर्सवर आठवड्यातून एक दिवस कॅडींना खेळायची मुभा होती. पोरं खेळायची कशाने? साहेबांनी टाकून दिलेल्या स्टिकने. आणि १९९६-९७ ला साहेब लोक काय टाकून देत होते? लाकूड! टायटॅनियम आलं तशी पर्सिमनची डोकी कॅडींच्या हातात आली, कुणाचं चिरलेलं, कुणाचा दांडा मामाने सुतळीने बांधलेला. म्हणजे माफ करणारी स्टिक त्यांच्याकडे ज्यांना चूक परवडत होती, आणि शिक्षा करणारी त्यांच्याकडे ज्यांचा चेंडू हरवला तर दुसरा नव्हता.

आमचं आळे रेड्याच्या समाधीचं गाव. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आमच्याकडे आहे. कुणी काय करायचं, कुणाला कशाचा अधिकार, हा प्रश्न आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. मुंबईत १९१८ साली विलिंग्डन क्लब निघाला तो याच प्रश्नातून, इंग्रज आणि हिंदी लोक एकत्र सभासद होऊ शकतील म्हणून. पण बॅग उचलणाऱ्याचा प्रश्न त्या दारात शिरलाच नाही.

मामाला एकदा विचारलं, राग यायचा का? तो म्हणाला, राग नाही रे. पण लाकडाने आम्हाला मधोमध मारायला शिकवलं. साहेबांना स्टिकने शिकवलंच नाही, तिने त्यांचं काम केलं.

रेषा कुठे ओढायची

असंच म्हणणं खेळाचे नियम करणाऱ्यांचंही होतं, फक्त वेगळ्या भाषेत. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९९८ पासून भिंतीच्या उसळीवर मर्यादा आणली. ०.८३ हा तो आकडा. चेंडू आणि स्टिक शंभराच्या वेगाने जवळ आले तर त्र्याऐंशीहून जास्त वेगाने दूर जाता कामा नयेत. २००० साली कॅलावेंनी आपल्याच नावाच्या आद्याक्षरांचा ‘ईआरसी’ ड्रायव्हर काढला, तो ही मर्यादा ओलांडणारा. त्याची पुढची आवृत्ती आली तेव्हा अरनॉल्ड पामर यांच्यासारखा दिग्गज म्हणाला, हौशी माणसाला आनंद मिळतोय तर काय बिघडलं? लोक त्यांच्यावर तुटून पडले. कॅलावे २००१ मध्ये गेले. २००४ पासून डोक्याची कमाल मर्यादा ४६० घन सेंटिमीटर ठरली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा थोडं कमी. उसळीचा नियम २००८ पासून जगभर सगळ्यांना एकच झाला.

क्रिकेटवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. १९७९ ला पर्थमध्ये डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, मग बॅट लाकडाचीच हवी असा नियम आला. २०१७ ला बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको असं ठरलं. प्रत्येक खेळ कधी ना कधी ठरवतो, की चुकीला किती माफी.

आणि आता

अनिर्बन लाहिरी पुण्यात जन्मला, १९८७ ला. ग्रेट बिग बर्था आली तेव्हा आठ वर्षांचा. २०१५ मध्ये तो अमेरिकेच्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत पाचव्या क्रमांकावर बरोबरीत होता. पुण्याचाच उदयन माने त्याच्यासोबत टोकियो ऑलिंपिकला खेळला. ही टायटॅनियमची पिढी. तुमच्यापैकी काहींच्या खिशातल्या फोनची चौकटसुद्धा आता टायटॅनियमची आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी मामाला पुण्यात एका ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेलो. तिथे पैसे भरून कुणीही चेंडू मारू शकतं. मामाने आधी भाड्याची स्टिक हातात घेऊन उलटसुलट पाहिली, डोक्यावर लिहिलेलं ४६० वाचलं. पंचवीस वर्षांनी मारत होता, कंबर धरलेली. पहिलाच फटका पार टोकाला लागला, मलाही आवाजावरून कळलं. लाकूड असतं तर चेंडू जाळीबाहेर गेला असता. तो थोडासा उजवीकडे झुकला आणि सरळ लांब जाऊन पडला.

मामा बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, “एवढं सोपं होतं होय? तेव्हा मिळायला पाहिजे होती.” आणि लगेच दुसरा चेंडू ठेवून, नीट उभा राहून, मधोमध मारला. लाकडाने शिकवल्यासारखा.

तर मंडळी, तुमच्या गावात, घरात कुणी असं साहेबांच्या खेळात पडद्यामागे काम केलेलं असेल, कॅडी असो, टेनिसचा चेंडू उचलणारा असो, पिचवर रोलर फिरवणारा असो, त्यांना एकदा विचारा, आवाज कधी बदलला. आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!